एका घरात तीन तऱ्हांचे संगणक

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरच्या मध्यमवर्गीय घरात एकेकाळी एकच संगणक असे. बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यात, कापडी आच्छादनाखाली तो राही आणि घरातल्या सर्वांनी तो पाळीपाळीने वापरावा, असा अलिखित नियम असे. आज त्याच घरात तीन-चार संगणक असतात, पण त्यांचे एकमेकांशी बोलणे नसते. वडिलांचा जुना डेस्कटॉप, मुलाचा कार्यालयीन कामाचा लॅपटॉप आणि रेखांकनाचे शिक्षण घेणाऱ्या मुलीचा मॅक एकाच छपराखाली राहतात. त्यांच्यातला निरोप्या म्हणजे पेनड्राइव्ह. तो नेमका हवा तेव्हा सापडत नाही.

ही तऱ्हेवाईक सरमिसळ अलीकडे वाढली आहे आणि तिला एक तारीखही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे बसवायचे तर टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारण २०१८ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. हातात धडधाकट पण वयाने मोठा डेस्कटॉप असलेल्या अनेकांनी तो भंगारात काढण्याऐवजी त्यावर लिनक्स बसवले. उबुंटू किंवा मिंट ही त्याची परिचित रूपे. पूर्वी लिनक्स हा संगणकवेड्यांचा छंद मानला जाई. २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट घरपोच येत, त्या हौसेने मागवल्या जात आणि बहुधा एकदा चालवून खणात ठेवल्या जात. आता तेच लिनक्स गरज म्हणून घरात आले आहे.

पेनड्राइव्हने काम भागते, मग जाळ्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर उल्हासनगरातल्या अनेक छोट्या उद्योगांत मिळेल. खाली कपडे शिवण्याचा कारखाना किंवा दुकान आणि वर बिऱ्हाड, ही तिथली जुनी रीत. खालच्या संगणकावर दिवसभराची बिले होतात, रात्री वरच्या मजल्यावर हिशेब तपासला जातो. पेनड्राइव्हवरून वर गेलेली यादी दुरुस्त होते, सकाळी खाली मात्र कालचीच यादी उघडली जाते. आठवड्याभरात ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अंतिम खरी’ अशा तीन फाइली तयार होतात. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या दिवशी त्यांतली खरी कोणती, हे ओळखण्यात अर्धा दिवस जातो. घरगुती जाळ्याचा पहिला लाभ वेगाचा नसून हा आहे. फाइल एकाच जागी राहते आणि सर्वजण तीच उघडतात.

इंटरनेटवरच्या साठवणुकीचा पर्याय आहेच. पण फुकट मिळणारी जागा कुटुंबाच्या छायाचित्रांना पुरत नाही आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारी फाइल आधी परमुलखातल्या यंत्रावर चढवून पुन्हा उतरवून घेणे हा द्राविडी प्राणायामच होय. शिवाय घरातले जाळे आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. रस्त्याच्या खोदकामात केबलवाल्याची तार तुटली, तरी राउटरला वीज मिळत असेपर्यंत घरातल्या संगणकांचे आपसांतले दळणवळण सुरळीत चालू शकते.

आधी रस्ता, मग भाषा

दोन संगणक बोलत नाहीत म्हटले की दोष विंडोज किंवा लिनक्सला दिला जातो. प्रत्यक्षात बहुसंख्य घरांत अडचण त्याच्या अलीकडे, रस्त्यातच असते.

उल्हासनगरकराला हे समजावून सांगणे सोपे आहे. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे नाव उल्हासनगर झाले. नाव बदलले, पण पत्ते क्रमांकांचेच राहिले. कॅम्प अमुक, सेक्शन तमुक, बराक क्रमांक, खोली क्रमांक असे पत्ते आजही लिहिले जातात. संगणकाचा पत्ता असाच असतो. १९२.१६८.१.१० या पत्त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे कॅम्प आणि शेवटचा आकडा म्हणजे खोली. घरगुती जाळ्यात एका कॅम्पातल्या खोल्या एकमेकींना थेट हाक मारू शकतात. दुसऱ्या कॅम्पातल्या खोलीला हाक मारायची तर मध्ये राउटर लागतो आणि तो निरोप पोचवील की नाही, हे त्याच्या नियमांवर अवलंबून असते.

आता घरातले चित्र पाहावे. फायबरची जोडणी घेतली की केबलवाला दारापाशी एक डबा बसवून जातो. हा डबा बहुधा स्वतःच राउटर असतो आणि वायफायही देतो. आतल्या खोलीत लहरी पोचत नाहीत, म्हणून माळ्यावरचा जुना राउटर खाली काढून तिथे जोडला जातो. आतल्या खोलीत इंटरनेट सुरू होते आणि सर्वजण समाधान पावतात. प्रत्यक्षात त्या क्षणी घरात दोन कॅम्प तयार झालेले असतात. बैठकीतले संगणक १९२.१६८.१ या कॅम्पात आणि आतल्या खोलीतले १९२.१६८.० या कॅम्पात. मग एक चमत्कारिक अनुभव येतो. आतल्या खोलीतून बैठकीतला संगणक क्रमांकाने उघडता येतो, पण बैठकीतून आतला मात्र सापडत नाही. कारण आतला राउटर बाहेर जाणाऱ्याला वाट देतो आणि बाहेरून येणाऱ्याला दारातच थांबवतो. दोन्ही राउटरांनी नेमका एकच कॅम्प क्रमांक घेतला असेल तर घोटाळा आणखी वाढतो. अशा वेळी लिनक्स पुन्हा बसवणे, विंडोजच्या नावाने बोटे मोडणे, हे सारे उपाय व्यर्थ ठरतात.

उपाय साधा आहे. दुसऱ्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ नावाची सोय असल्यास ती निवडावी. नसल्यास त्यातली पत्ते वाटण्याची व्यवस्था, म्हणजे डीएचसीपी, बंद करावी. त्याला स्वतःला पहिल्या कॅम्पातला, दुसऱ्या कोणी न घेतलेला क्रमांक द्यावा आणि बाहेरून येणारी तार ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात न घालता ‘लॅन’च्या भोकात घालावी. मग तो राउटर केवळ लहरी पसरवण्याचे काम करतो आणि सारे घर एका कॅम्पात येते. पत्ते वाटणारा घरात एकच असावा, हे सूत्र पाळले की निम्म्या तक्रारी मिटतात. जो संगणक फाइलींचे कोठार होणार, त्याला पहिल्या राउटरमध्ये कायमचा क्रमांक राखून ठेवावा. रोज खोली बदलणाऱ्याकडे टपाल कसे पोचणार?

पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण घरातलाच एखादा लॅपटॉप त्यावर जोडलेला राहिला तर त्याला घरातले इतर संगणक दिसत नाहीत. ती वाट मुद्दामच तोडलेली असते. तासन्‌तास डोके खाजवल्यावर हे उमगलेली माणसे कमी नाहीत.

तारेचा की हवेचा, हा वाद जुना आहे. लॅपटॉप आणि मोबाइल हवेवर ठीक. एका जागी बसणाऱ्या डेस्कटॉपला मात्र तारच द्यावी. बदलापूरच्या नव्या गृहसंकुलांत एकेका मजल्यावर डझनभर राउटर असतात आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीनच, म्हणजे १, ६ आणि ११. तिथे रात्री साडेनऊला जी गर्दी होते तिची तुलना संध्याकाळच्या बदलापूर लोकलशीच होईल. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान असतो, पण भिंती ओलांडताना दमतो.

तारेतही एक गोम आहे. निळ्या किंवा करड्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात. त्यांतल्या चारच जोडल्या तरी १०० मेगाबिटचा जुना वेग मिळतो आणि काम चालू आहे असे वाटते. १००० मेगाबिटच्या वेगासाठी आठही तारा नीट बसाव्या लागतात. फरक किती पडतो? लग्नाचे चित्रीकरण ५० जीबीचे असेल तर जुन्या वेगाने ते दुसऱ्या संगणकावर जायला सव्वा तास लागतो. नव्या वेगाने, चकती तितकी चपळ असल्यास, सुमारे आठ मिनिटे. टोपण बसवणाऱ्याकडून आठही तारा तपासून घेणे म्हणूनच फायद्याचे.

तार घराच्या आत असावी, दोन इमारतींमधून नेऊ नये. २००० नंतरच्या दशकात केबलवाल्यांनी गच्च्यांवरून, झाडांवरून अशा तांब्याच्या तारा सर्रास ओढल्या होत्या. पहिल्या वळवाच्या पावसात वीज कडाडली की त्या तारेला जोडलेले स्विच आणि संगणकांची जोडणी-कार्डे जळत. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या भावाच्या घरापर्यंत जाळे न्यायचे असेल तर काचतंतूची तार वापरावी. ती वीज वाहत नाही.

वीज जाण्याचा प्रश्न या पट्ट्याला नवा नाही. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे इथल्या रहिवाशांना चांगली आठवतात. आता ते दिवस गेले असले तरी पावसाळ्यात वीज जातेच. राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरीचा डबा लॅपटॉप असलेल्या घराला पुरतो. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर पाहून घ्यावेत. डेस्कटॉपला मात्र वेगळा यूपीएस हवा. फाइल लिहिली जात असताना कोठाराचाच संगणक विझला तर ती फाइल अर्धवट राहते.

ऐकून शिकलेली बोली

रस्ता झाला की भाषेचा प्रश्न येतो. उल्हासनगरच्या बाजारात घरी सिंधी, मराठी किंवा गुजराती बोलणारी माणसे सौदा मात्र सर्वांना कळेल अशा हिंदीत करतात. संगणकांच्या फाइल-देवाणघेवाणीची तशी बाजारबोली म्हणजे ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’, संक्षेपाने एसएमबी. तिचा उगम १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉम यांच्या कामातून झाला. पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी केली आणि विंडोजची ती मातृभाषाच झाली. युनिक्सच्या जगात तेव्हा वेगळी पद्धत होती, ॲपलची आणखी तिसरी.

ही बोली लिनक्सकडे कशी आली, त्याची कथा वाचनीय आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथील विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा संशोधक विद्यार्थी होता. १९९१ च्या अखेरीस आपल्या डॉसच्या संगणकावरून युनिक्स यंत्रावरच्या फाइली पाहता याव्यात, एवढीच त्याची इच्छा होती. बोलीचे व्याकरण त्याच्या हाती नव्हते. तारेवरून जाणारे निरोप तो पाहत राहिला. या प्रश्नाला ते उत्तर, त्या चुकीला ही तक्रार, असे टिपत टिपत त्याने ती भाषा उलगडली. भाषा न येणारा माणूस उपाहारगृहात बसून वाढप्याचे आणि गिऱ्हाइकांचे बोलणे ऐकत शिकेल, तशी ही पद्धत असे तो पुढे सांगत असे. परगावी नोकरीला गेलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा त्याने संगणकातल्या शब्दसूचीत एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असणारे शब्द शोधले. त्यांत ‘सांबा’ मिळाले. पुढे युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध निर्णय दिला. २००७ च्या सप्टेंबरात न्यायालयानेही तो कायम केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात दहा हजार युरो भरून सांबाच्या मंडळींना त्या बोलीची अधिकृत कागदपत्रे मिळाली. ऐकून शिकलेल्यांना व्याकरणाचे पुस्तक मिळायला असा एका तपाहून अधिक काळ लागला.

ॲपलनेही २०१३ मध्ये आपली जुनी पद्धत मागे ठेवून एसएमबीला प्रथम स्थान दिले. म्हणजे आज विंडोज, लिनक्स आणि मॅक हे तिघेही एकच बोली बोलतात. उरलेली अडचण दोन प्रकारची आहे. एक, बोलीच्या वयाची. दुसरी, बोलणारा कोण हे पटवून देण्याची.

वयाचे आधी. या बोलीच्या पहिल्या आवृत्तीत घातक दोष होता. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती दिली, पण ती न बसवलेल्या यंत्रांत मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाची खंडणीखोर प्रणाली घुसली आणि जगभर हाहाकार उडाला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून विंडोजने पहिली आवृत्ती आपणहून बसवणे थांबवले. नवा-जुना संगणक जोडताना ‘पहिली आवृत्ती चालू करा’ असा सल्ला अजूनही मिळतो. तो कटाक्षाने टाळावा. विंडोज ७ पासूनच्या सर्व यंत्रांना दुसरी आवृत्ती येते. विंडोज एक्सपीला मात्र पहिलीच येते. त्या वयाचा संगणक घरात असेल तर त्याला जाळ्यात आणू नये, त्याची चकती काढून माहिती उतरवून घ्यावी आणि त्याला निवृत्ती द्यावी.

पहिली आवृत्ती गेली तशी तिच्याबरोबरची एक सोयही गेली. जाळ्यातल्या संगणकांची आयती यादी पूर्वी त्या काळच्या यंत्रणेतून मिळे. आता विंडोज ही यादी एका पद्धतीने करते, मॅक दुसऱ्या. त्यामुळे विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत लिनक्सचा संगणक दिसला नाही, म्हणून तो तिथे नाही असे समजू नये. वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे त्याचा क्रमांक लिहून पाहावा. मॅकवर हेच काम ‘गो’ यादीतल्या ‘कनेक्ट टु सर्व्हर’ने होते. दार उघडले तर प्रश्न फक्त यादीचा होता. लिनक्सवर ‘डब्ल्यूएसडीडी’ नावाची छोटी प्रणाली बसवली की विंडोजच्या यादीतही त्याचे नाव येऊ लागते.

ओळख पटवण्याचा घोळ

दुसरी अडचण अधिक छळते. परवलीचा शब्द बरोबर असूनही संगणक तो नाकारतो, ही या विषयातली सर्वांत सार्वत्रिक तक्रार असावी. तिची कारणे मात्र अगदी साधी असतात.

विंडोज ११ उघडताना बहुतेकजण चार-सहा आकड्यांचा पिन वापरतात. तो पिन त्या यंत्रापुरताच असतो, जाळ्यावरून आलेल्याला तो उपयोगाचा नाही. तिथे खात्याचा मूळ परवलीचा शब्द लागतो आणि तो आठवत नसतो. काही घरांत संगणकाला परवलीचा शब्दच नसतो. घरच्या माणसांपासून काय लपवायचे, हा त्यामागचा उदात्त विचार. पण शब्दाविना असलेल्या खात्याला विंडोज जाळ्यावरून प्रवेश देत नाही. लिनक्सकडे उलटी गंमत आहे. सांबाची वापरकर्त्यांची वही वेगळी असते. संगणक उघडण्याचा शब्द तिला ठाऊक नसतो, त्याच वापरकर्त्याचे नाव आणि शब्द तिच्यात पुन्हा एकदा नोंदवावा लागतो. मिंटमध्ये फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘शेअरिंग’चा पर्याय निवडता येतो, पण ही नोंद राहिली तर पुढचे दार उघडत नाही. मॅकवर ‘फाइल शेअरिंग’ चालू केल्यावर त्यातल्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन विंडोजच्या गिऱ्हाइकांसाठी त्या खात्यापुढे खूण करावी लागते. ती खूण विसरली जाते.

या घोळातून सुटण्याचा सरळ मार्ग असा : ज्या संगणकावर फाइली असणार, त्यावर केवळ या कामासाठी एक वेगळे स्थानिक खाते उघडावे. त्याचे नाव इंग्रजी लिपीत, आखूड आणि जोडशब्द नसलेले असावे. शब्द बऱ्यापैकी लांब असावा. बाकीच्या सर्व संगणकांवरून त्याच नावाने प्रवेश करावा आणि तो जपून ठेवण्याची सूचना संगणकाला द्यावी. ‘सर्वांना खुले’ असा पाहुण्यांचा प्रवेश पूर्वी चाले. २०२४ च्या सुधारणेपासून विंडोज ११ ची व्यावसायिक आवृत्ती असे अनोळखी दार उघडायलाच नकार देते. हा नकार त्रासदायक वाटला तरी रास्त आहे.

याखेरीज विंडोजला ‘हे जाळे घरचे की सार्वजनिक’ हे सांगावे लागते. ‘पब्लिक’ निवडलेले असेल तर तो स्वतःला झाकून घेतो, जे फलाटावरच्या वायफायवर योग्यच आहे. घरी ‘प्रायव्हेट’ निवडावे. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर या गोष्टी बंद केलेल्या असतात. तिथे झटापट करू नये. नोकरी फाइलीपेक्षा महत्त्वाची.

कोठार कोणत्या यंत्रावर ठेवावे? तिघांत सर्वांत स्थिर, एका जागी बसणारे यंत्र बहुधा जुना डेस्कटॉपच असतो. लिनक्स बसवल्यावर त्याला हे काम झेपते. मात्र तो चोवीस तास चालवायचा का, याचा हिशेब करावा. ६० वॅट घेणारा संगणक महिनाभर अखंड चालला तर सुमारे ४३ युनिट वीज खातो. संध्याकाळी चार तास चालवला तर सात-साडेसात युनिट. सामायिक करायचा तोही एकच फोल्डर, संपूर्ण चकती नव्हे. छायाचित्रांसारख्या गोष्टी इतर संगणकांना केवळ पाहण्यापुरत्या द्याव्यात, कारण खंडणीखोर प्रणाली एका लॅपटॉपमध्ये शिरली तर जिथे जिथे त्या लॅपटॉपला लिहिण्याचा हक्क आहे तिथे तिथे ती पोचते. मोबाइलवरूनही हे कोठार उघडते. आयफोनच्या ‘फाइल्स’मध्ये ही सोय २०१९ पासून आहे, अँड्रॉइडवर अनेक फाइल-प्रणाली ती देतात.

एकच फाइल दोघांनी एकाच वेळी उघडली तर दुसऱ्याला ‘फक्त वाचा’ असे सांगितले जाते. पण एकीकडे लिबरऑफिस आणि दुसरीकडे मायक्रोसॉफ्टचे ऑफिस असेल तर एकाचे कुलूप दुसऱ्याला नेहमीच कळेल याचा भरवसा नाही. हिशेबाच्या प्रणालीची बाब वेगळी. अनेकांनी एकदम वापरायची तिची स्वतःची रीत आणि परवाना असतो, तोच पाळावा.

सातबारा आणि कऱ्हाड

आतापर्यंतचे सारे जगात कुठेही घडेल. मराठी घरात त्यावर आणखी दोन गमतीदार अडथळे येतात.

बदलापूर परिसरात जमिनीचा तुकडा असलेले कुटुंब आपल्या कागदपत्रांची फाइल काय नावाने ठेवील? अर्थातच ‘७/१२ उतारा’. विंडोज आणि लिनक्स या दोघांनाही नावात तिरपी रेघ चालत नाही, कारण त्यांच्या लेखी ती फोल्डर वेगळे करणारी खूण आहे. मॅक मात्र ते नाव मुकाट्याने स्वीकारतो आणि आत वेगळ्याच चिन्हाने नोंदवून ठेवतो. तीच फाइल दुसऱ्या संगणकाकडे गेली की नाव विचित्र दिसते किंवा फाइल उघडतच नाही. अपूर्णविरामाचेही तसेच. ‘लाइट बिल : जून’ हे नाव लिनक्सला मान्य आहे, विंडोजला नाही. मग सांबा त्या फाइलीला स्वतःच एक आखूड, तोडकेमोडके नाव देऊन विंडोजपुढे ठेवतो आणि घरात कोणालाही ते ओळखू येत नाही. प्रश्नचिन्ह आणि तारकाही टाळाव्यात. ‘सातबारा’ अक्षरी लिहिले की काम भागते. शिवाय इंग्रजी नावांत मोठी आणि लहान लिपी लिनक्सला वेगळी वाटते, विंडोजला एकच.

दुसरा अडथळा ‘ऱ’चा. ‘कऱ्हाड’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘नवऱ्याचे कागद’ यांतला अर्धा र मराठीचे खास लेणे. युनिकोडमध्ये हा ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो : एक सलग अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी म्हणून. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. मॅकची जुनी साठवण-पद्धत सलग अक्षर फोडून जोडीच्या रूपात नोंदवत असे. लिनक्स मात्र जे आले ते जसेच्या तसे ठेवते आणि दोन रूपांना दोन वेगळी नावे मानते. परिणामी जुन्या मॅकवरून उतरवलेल्या फोल्डरात ‘कऱ्हाड सहल’ दोनदा दिसू शकते, किंवा शोध घेतल्यावर डोळ्यांसमोर असलेली फाइल सापडत नाही. दोन्ही नावे डोळ्यांना सारखीच दिसत असल्याने दोष कशात आहे, हे कळणेच अवघड. अशा फाइलींची नावे एकाच संगणकावर बसून पुन्हा टंकित केली की दोष जातो.

फाइलीच्या पोटातल्या मराठीची गोष्ट निराळी. युनिकोडपूर्व काळातल्या फाँटांत लिहिलेली पत्रे, अहवाल, पत्रिका अनेक घरांत आहेत. जाळे फाइल पोचवते, फाँट नव्हे. लिनक्सवर ते पत्र उघडले की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती फाइल बिघडलेली नसते. जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून किंवा निदान पीडीएफ करून ठेवावा, कारण तो फाँट पुन्हा मिळेलच असे नाही.

कोठार झाले म्हणजे प्रत राहिली असे होत नाही. उलट पूर्वी तीन पेनड्राइव्हवर विखुरलेले सारे आता एकाच चकतीवर येते आणि ती चकती गेली की सारेच जाते. म्हणून एक बाहेरची चकती घेऊन आठवड्यातून एकदा प्रत काढावी आणि ती चकती संगणकापासून सोडवून ठेवावी. तारेने जोडलेली प्रत खंडणीखोरालाही सापडते. चकती एक्सफॅट पद्धतीने तयार केलेली असावी. विंडोजची एनटीएफएस चकती मॅक केवळ वाचतो, तिच्यावर लिहीत नाही, आणि पेनड्राइव्हच्या जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीची मर्यादा आड येते.

ही चकती कुठे ठेवायची, हा प्रश्न उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्तीत दुय्यम नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात या पट्ट्यातल्या तळमजल्यांवर पाणी शिरले होते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हाही बदलापूरचा सखल भाग पाण्याखाली होता. डेस्कटॉपची पेटी टेबलाखाली जमिनीवर असते आणि यूपीएस तिच्या शेजारी. पाणी येते तेव्हा तेच प्रथम भिजतात. पेटी टेबलावर घ्यावी. प्रतीची चकती माळ्यावर ठेवावी, किंवा वरच्या मजल्यावरच्या नातलगाकडे, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा ती खाली काढून, दुसऱ्या संगणकाला लावून, तिच्यातली दोन-चार छायाचित्रे खरोखर उघडतात का ते पाहून घ्यावे.